रविवारची गोळी

मी नर्स आहे. शिरूरच्या एका खाजगी दवाखान्यात मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला जो प्रश्न पडेल, तोच माझ्या मिस्टरांनाही पडला होता. त्याचं उत्तर द्यायला मला फार वेळ लागला.

बोटं

सुरुवात बोटांपासून झाली. सकाळच्या ड्यूटीला इंजेक्शनची काच फोडायला गेले की बोटं वळायची नाहीत. दहा-साडेदहानंतर हळूहळू सैल पडायची. पावसाच्या गारठ्यानं होत असेल म्हणून दोन महिने तसेच काढले. मग मनगटं सुजली. एका सकाळी भाकरी थापता थापता हात परातीतच राहिला, उचलेना. माझी मुलगी पूनम, तेव्हा आठ वर्षांची, शेजारी बसून पाहत होती. तिनं काही विचारलं नाही, फक्त माझा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

आमच्या डॉक्टरांनी मला पुण्याला पाठवलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन एकेक पेर दाबून पाहिलं. "आमवात आहे," ते म्हणाले. "मुळापासून जात नाही, पण आवरता येतो." मी बाहेर येऊन बाकावर बसले. रडू आलं नाही. सुजलेल्या बोटांनी अजून किती वर्षं शीर शोधता येईल, एवढंच डोक्यात घोळत होतं.

त्यांनी मेथोट्रेक्सेट नावाच्या लहानशा पिवळ्या गोळ्या दिल्या होत्या. एका वेळी तीन, आणि आठवड्यातून एकदाच. "रविवार धरा," त्यांनी दोनदा बजावलं. "चुकूनही रोज घ्यायची नाही." घरी आल्यावर पूनमनं तिला रविवारची गोळी असं नाव पाडलं. सासूबाई राहू गावात असतात, मी त्यांना आत्या म्हणते. त्यांना आजार कळला तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "हात गेल्यावर बाईमानसाचं मागं काय ऱ्हातं?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण ते वाक्य बरेच दिवस माझ्या घरात राहायला आल्यासारखं वाटलं.

दौंड

गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले असतील. सोमवारी वरवंडला मिस्टरांच्या मावसभावाचं लग्न होतं. पूनम आधीच आत्यांकडे गेली होती. आम्ही दोघं पहाटेच एम-एटी दुचाकीवर निघालो. चौफुल्याच्या अलीकडे ट्रॉलीतून पडलेलं उसाचं पाचट रस्त्यावर पसरलं होतं आणि त्यावर दव होतं. गाडी अलगद आडवी झाली. मिस्टरांना खरचटलं. माझा उजवा घोटा मात्र गाडीखाली पिरगळला. लग्नाच्याच जीपमधून मला दौंडला नेलं, हाडांच्या एका दवाखान्यात. स्टेशन जवळ होतं. खाटेवर पडल्या पडल्या गाड्यांच्या घोषणा ऐकू यायच्या.

ऑपरेशन करून घोट्यात धातूची पट्टी घालायचं ठरलं. मिस्टर शिरूरला जाऊन माझी पुण्याची फाईल घेऊन आले आणि त्यांनी ती शैला सिस्टरांच्या हातात दिली. शैला सिस्टर त्या वॉर्डच्या मुख्य. पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी बांधलेली, आवाज कधी चढू न देणाऱ्या. त्या दिवशी एक सिस्टर आली नव्हती, म्हणून सकाळपासून त्यांचीच दुसरी ड्यूटी चालू होती.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. रोज एकदा द्यायच्या औषधापुढे डॉक्टर 'ओडी' लिहितात. पुण्याच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा म्हणून 'ओडब्ल्यू' लिहिलं होतं. अक्षर घाईचं होतं. शैला सिस्टरांनी ओडी वाचलं आणि माझ्या औषधांच्या तक्त्यावर रोजच्या रकान्यात उतरवलं. हाडांच्या डॉक्टरांनी खाली सही केली. मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या. मिस्टर त्या घेऊन आले. तो कागद इतक्या हातांतून गेला आणि प्रत्येक हाताला वाटलं, आधीच्यानं पाहिलं असेल.

ऑपरेशन मंगळवारी झालं. बुधवारी सकाळी एका दुसऱ्या सिस्टरनं कागदाची पुडी माझ्या तळहातावर रिकामी केली. त्यात तीन पिवळ्या गोळ्या होत्या.

"सिस्टर, या माझ्या रविवारच्या आहेत ना?" मी विचारलं.

"तक्त्यात आहेत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी लिहिलंय."

मी गिळल्या.

त्या क्षणाकडे मी पुढे कितीतरी वेळा परत गेले आहे. पाय ठणकत होता, दुखण्याच्या इंजेक्शनची गुंगी होती, हे खरं. पण मला दिसलं होतं, हेही खरं. मी मनाची समजूत घातली, की या डॉक्टरांनी पुण्याला फोन करून विचारलं असेल. त्यापेक्षा खरं कारण लाजिरवाणं होतं. आमच्या दवाखान्यात कुणी पेशंटनं "ही गोळी कशाची?" असं विचारलं की मी म्हणायची, "डॉक्टर तुम्ही की आम्ही?" आणि पेशंट नर्स असली तर आम्ही आपसात हसायचो, आता ही शिकवणार आपल्याला. मला तसली पेशंट व्हायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी पुडीत पाहणंच सोडलं.

शेजारच्या खाटेवर हिराबाई होत्या. राहूकडच्याच, सत्तरीच्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत गेलेल्या, आता मुलं शेती करतात. एका सकाळी सिस्टर गोळ्या वाटून गेल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, मेंढरास्नी जंताचं औषिद पाजायचो ना, तवा पाजलेल्याच्या कपाळावर गेरूचा टिपका लावायचो. येकाच मेंढराला दोनदा जाऊ ने म्हनून. हितं कसं वळखत्यात?"

"तक्त्यावर सही करतात," मी सांगितलं.

"आन् तकत्याला कोन बघतं?"

मला हसू आलं. नर्स म्हणून आलं. त्यांनी अगदी मुद्द्याचं विचारलं होतं, आणि मी ते गमतीवारी नेलं.

तोंड

सातव्या-आठव्या पुडीला तोंड आलं. आधी जिभेच्या कडा, मग गाल, मग घसा. पाण्याचा घोट म्हणजे काचेचा चुरा. डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिकनं होतं असं, आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ताप भरला. दंडावर कारण नसताना निळे डाग उठले. रक्त तपासायला नेलं.

दुपारी तीनच्या सुमाराला शैला सिस्टर आल्या. त्यांच्या एका हातात माझी पुण्याची फाईल होती आणि दुसऱ्या हातात तक्ता. त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. आम्ही सिस्टर लोक पेशंटजवळ कधी बसत नाही. त्या बसल्या तेव्हाच मी समजले, की काहीतरी मोठं आहे.

"सिंधूताई," त्या म्हणाल्या, "तुमची आठवड्याची गोळी मी रोजची म्हणून उतरवली. चूक माझी आहे. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्यात. मी डॉक्टरांना सांगून आले. पुण्याच्या डॉक्टरांशी फोन झालाय. यावर इंजेक्शन आहे, ते पुण्याहून येतंय."

मला तोंड उघडता येत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी नजर हलवली नाही. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतंत. त्या सिस्टरनं मला आज सांगितलं. तुम्ही बरोबर होता."

हे वाक्य त्यांनी बोलायला हवं होतं असं नाही. त्यावाचूनही भागलं असतं.

खोली

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पेशी इतक्या कमी असताना रस्त्यानं हलवू नका, वेगळ्या खोलीत ठेवा, कुणाला जवळ जाऊ देऊ नका. पहिल्या मजल्यावर कोपऱ्यातली एक खोली धुऊन काढली आणि मला तिथे नेलं. एक खाट, एक खिडकी, पांढऱ्या चुन्याच्या भिंती. मी तिथे बारा दिवस होते.

मिस्टर रांजणगावला कारखान्यात होते. पाळी संपली की यायचे, तोंडाला फडकं बांधून दारात उभे राहायचे. पहिल्याच दिवशी न राहवून म्हणाले, "तू नर्स हायेस. तुला कळलं न्हाई?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं.

"म्या त्या सिस्टरवर लेखी तक्रार दिलीय," ते म्हणाले. मी हातानं नको नको केलं. ते दारातूनच म्हणाले, "तुम्ही सगळ्या एकाच माळेचे मणी. एकमेकींना झाकता." आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मोसंब्याचा रस आणला होता, चमच्यानं पाजण्याजोगा. तो त्यांनी सिस्टरच्या हाती आत पाठवला. मी तो प्यायले. पण ते वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही.

एका संध्याकाळी आत्या पूनमला घेऊन आल्या. मुलांना वर सोडत नव्हते. पूनम खाली अंगणात उभी राहिली आणि मला खिडकीशी टेकवून बसवलं. ती ओरडून काहीतरी सांगत होती, शाळेचं. मला हाक मारायची होती, पण ओठ फाटले होते. मी हात हलवला. ती थोडा वेळ थांबली, मग आत्यांचा पदर धरून वळली. पुढे बऱ्याच दिवसांनी तिनं मला विचारलं, "तू तेव्हा माझ्यावर रागावली होतीस का?"

शैला सिस्टर पहिले तीन दिवस येत राहिल्या. इंजेक्शनची बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरायच्या, नाव मोठ्यानं वाचायच्या, मी मान हलवल्यावरच भरायच्या. चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत. दवाखान्याचे मालक डॉक्टर स्वतः दारात आले आणि म्हणाले, "त्या सिस्टरना आम्ही कमी केलंय. तुम्ही निश्चिंत राहा." जणू माझ्या उशाशी फळं आणून ठेवावीत तसं त्यांनी ते सांगितलं. तोपर्यंत मला थोडं बोलता येऊ लागलं होतं. मी काहीच बोलले नाही.

त्यानंतर ज्या सिस्टर यायच्या त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. दार उघडायचं, सलाईन बदलायचं, पुडी ठेवायची, दार लावायचं. कुणी नजरेला नजर द्यायची नाही. त्या मला घाबरत होत्या. मी त्यांच्यातलीच, तरी माझ्यामुळे एकीची नोकरी गेली होती. पेशंट म्हणावं तर खाली वॉर्डात होते ते पेशंट, एकमेकांच्या डब्यातलं खाणारे. मी ना इकडची ना तिकडची. दिवसाचे तास मी घोषणांवरून ओळखायची. कुठली तरी गाडी येतेय, कुठली तरी सुटतेय, लोक कुठे कुठे निघालेत. एकदा आया केर काढताना म्हणाली, "हिराबाईनं निरोप दिलाय. म्हनल्या, जेवत जा." बारा दिवसांत खालच्या वॉर्डातून माझ्यासाठी आलेला तेवढा एकच निरोप. मी तो दिवसभर पुरवला.

घरी

पेशी हळूहळू वर आल्या. मी कुबडीवर शिरूरला आले. डोक्याचे केस गळून विरळ झाले होते. शेजारणी भेटून गेल्या, सगळ्यांनी त्या सिस्टरला शिव्या घातल्या आणि मी चहा विचारत राहिले.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांनी तीच गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली, कारण बोटं परत आखडत चालली होती. पहिले तीन रविवार मला ती गिळता आली नाही. हातावर घेऊन बसायची आणि परत डब्यात टाकायची. चौथ्या रविवारी घेतली, आणि संध्याकाळपर्यंत आरशात जीभ पाहत राहिले.

मिस्टर घरात वावरत होते, कुबडी हातात देत होते, पण आमच्यात बोलणं कामापुरतं. तक्रार केल्याचं त्यांना समाधान नव्हतं आणि मी त्यांच्या बाजूनं का नाही, हे त्यांना उमगत नव्हतं. मी का नव्हते ते मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर नऊ वर्षांपूर्वीपासून सुरुवात करावी लागली असती.

शैला सिस्टर

चालायला लागल्यावर तपासणीचं निमित्त करून दौंडला गेले आणि पत्ता विचारत त्यांच्या घरी पोचले. त्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. मला पाहून त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "रक्त कधी तपासलं होतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

आता त्या घरोघर जाऊन इंजेक्शनं, ड्रेसिंग करत होत्या. मी माफी मागायला गेले होते, पण शब्द जुळेनात. त्यांनीच सोपं केलं.

"मी गप्प बसले असते तर नोकरी राहिली असती," त्या म्हणाल्या. "तुम्ही राहिला नसतात. त्यामुळे त्याचा विचार मी करत नाही."

"मग कशाचा करता?"

"तिथल्या बाकीच्या सिस्टरांचा. मला काढल्यावर त्या काय शिकल्या? की चुकलं तर बोलायचं नाही. आता पुढची चूक कुणाला कळायचीच नाही."

तेव्हा मी त्यांना सांगितलं. कुणालाही न सांगितलेलं.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात दोन कमल होत्या. एक वयस्कर, साखरेचा आजार असलेली. दुसरी न्हावरे गावची, विशीतली, टायफॉईडनं आलेली. जेवणाआधी इन्शुलिन द्यायचं होतं. मी दारातूनच विचारलं, "कमल कोण?" लहान कमलनं हात वर केला. मोठी तेव्हा बाथरूमला गेली होती. मी टोचलं. अर्ध्या-पाऊण तासात पोरगी घामानं भिजली, हातपाय झटकायला लागली. माझ्या लक्षात आलं. मी ग्लुकोज लावलं, ती शुद्धीवर आली. डॉक्टरांनी विचारलं काय झालं, मी म्हणाले, अचानक थरथरायला लागली. पुढे दोन दिवस मी रजा टाकली. परत आले तेव्हा ती घरी निघाली होती. सिस्टरांनी जीव वाचवला म्हणून तिनं मला घरच्या बागेतले पेरू दिले. तिच्या कागदावर काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही. मला पाहायचं नव्हतं.

शैला सिस्टरांनी दोरीवरचे चिमटे एका रांगेत लावले. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, सिंधूताई?"

त्याच संध्याकाळी मी ते मिस्टरांना सांगितलं. ते ऐकून उठले आणि बाहेर जाऊन बसले. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "ती बाई जित्ती हाय का?"

"असेल. न्हावऱ्याची आहे."

"मग तिला जाऊन सांग. माझ्यापुढं रडून काय व्हनार?"

न्हावरे

मी एसटीनं गेले. पेरूची बाग विचारली तर लगेच घर सापडलं. कमल ओसरीवर कांदा निवडत बसली होती. तिशीची, पण चेहरा सुस्तावलेला, डोळे जड. तिनं मला ओळखलं. "सिस्टरबाई," म्हणत उठली आणि आत वळून जावेला चहा टाकायला सांगितलं. "मला चुलीम्होरं जाऊ देत न्हाईत," ती म्हणाली. "फिट येती ना."

मी विचारलं, "कधीपासून?"

"तुमच्याच दवाखान्यात आली न्हवं का. तवापासनं गोळी चालू हाय."

"त्यानंतर किती वेळा आली?"

"न्हाई आली. गोळीमुळं येत न्हाई, म्हनत्यात." ती कांदा निवडत राहिली. "झोप लई येती गोळीनं. पन बंद केली आन् आली म्हंजी? पोरगं झालं तवा त्याला आंघुळ घालायची बी मुभा न्हवती मला. जाऊबाईनंच घातली. हातातनं पडलं तर, म्हनायच्या. त्येंचं बी बरोबरच हाय."

मी सुईची चूक सांगायला आले होते. साखर उतरून आलेल्या झटक्यांना डॉक्टरांनी फिट समजून गोळी लावली होती आणि माझी ती सुई नऊ वर्षं चालू होती, हे मला माहीत नव्हतं. मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं.

मी सांगितलं. कमल कोण म्हणून विचारलं होतं तिथपासून सगळं. मी लपवलं तेही. चहा घेऊन जाऊ दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

कमलनं हातातला कांदा खाली ठेवला. "म्हंजी मला काय झालंच न्हवतं?"

"नव्हतं, कमल. मला तरी तसंच वाटतं. डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागेल. पण गोळी एकदम बंद करू नकोस, ते वाईट असतं. मी घेऊन जाते तुला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्ही आता जावा."

मी उठले. मागे चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन तेच सगळं पुन्हा सांगितलं. ते कपाळ चोळत राहिले. "नऊ वर्षांपूर्वीचं आहे, सिस्टर. कशाला उकरताय?" मी म्हणाले, "तिच्यासाठी ते आज सकाळचं आहे. तिनं आज सकाळीही गोळी घेतलीय." त्यांनी मला वॉर्डातल्या कामावरून काढून बाहेरच्या पेशंटांचे कागद करायला बसवलं. नोकरीवरून काढलं नाही. मी विचारलं, "वॉर्डात माझ्यासारखंच कुणी चुकलं आणि सांगायला आलं, तर त्याचं काय?" ते म्हणाले, "बघू." पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना बोलावलं, आणि काही गोष्टी बदलल्या. 'अमकी कोण?' असं विचारायचं नाही, पेशंटला स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव सांगायला लावायचं. गोळी देताना ती कशाची ते बोलून द्यायची. नवीन औषध तक्त्यावर उतरवलं की मूळ कागदाशी दुसऱ्या सिस्टरनं ताडून पाहायचं. 'ओडी' बंद, मराठीत लिहायचं, रोज की आठवड्याला. पहिले काही दिवस सगळ्या माझ्याकडे पाहून कुजबुजायच्या. डबा खायला मी एकटीच बसायची. पेशंटही कंटाळायचे. एक आजोबा मला म्हणाले, "बाई, कालच तर नाव सांगितलं. इसरला व्हय?" मी म्हणाले, "हो आबा, विसरते मी. रोज सांगत जा."

कमल पंधरा दिवसांनी आली, नवऱ्याबरोबर, जुने सगळे कागद पिशवीत घेऊन. माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरांनी तिला पुण्याला पाठवून मेंदूची तपासणी करवली, आणि मग गोळी हळूहळू, महिन्यामहिन्यानं कमी करायला घेतली. दर खेपेला जाऊ किंवा नवरा सोबत असायचा. मी तिचा कागद करायची, पूर्ण नाव विचारायची. ती भिंतीकडे पाहून सांगायची. मिस्टर घरी विचारायचे, "आली होती का?" मी हो म्हणायची. आमचं बोलणं हळूहळू त्याच प्रश्नावरून पुन्हा सुरू झालं.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती आली तेव्हा गोळी पूर्ण बंद होऊन दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी तपासलं आणि आता यायची गरज नाही म्हणाले. बाहेर येऊन ती माझ्या टेबलापाशी थांबली. चेहऱ्यावरची सुस्ती गेली होती, ती पाच-सहा वर्षांनी लहान दिसत होती. मी सवयीनं तिच्या मागे पाहिलं.

"बरोबर कोण आलंय?"

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "येकटी आले. येष्टीनं."

मी चहाचं विचारलं. ती नको म्हणाली. तिनं पिशवीची दोरी हाताला गुंडाळली.

"तुमच्यावरचा राग ग्येला न्हाई माझा," ती म्हणाली. "जाईल का न्हाई, ठावं न्हाई."

"बरं," मी म्हणाले.

"पोरगं मागं लागलंय, हिरीत पवायला शिकव म्हनून. माहेरी असताना मी लई चांगली पवायची." आणि दुपारची एसटी धरायची म्हणून ती निघाली.

मी उठून दारापर्यंत गेले. रस्त्यावर ट्रॅक्टर, जीपगाड्या, गर्दी होती. ती कडेला उभी राहिली, तिनं दोन्हीकडे पाहिलं, आणि कुणाचाही हात न धरता पलीकडे गेली.